तारेच्या कुंपणापलीकडे

आमच्या तांबट आळीत गप्प बसणं कुणाला माहीतच नव्हतं. सकाळी तोंडं धुवायच्या आत कुणाच्या तरी पडवीत पहिला हातोडा पडायचा, मग दुसरा, आणि मग आळीभर जी ठणठण सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. बोलायचं ते दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. आम्हा मुलींना त्याची इतकी सवय, की सासरी गेल्यावर पहिले काही महिने आम्ही ओरडून बोलतो अशी आमची ख्यातीच होती. माझी थोरली बहीण कुसुम, आम्ही तिला आक्का म्हणायचो, ती तर लग्नानंतर पार क्वेट्ट्याला गेली. दाजी तिथं रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. पहिल्या खेपेला माहेरी आली तेव्हा ती हसत सांगत होती, की तिकडं शेजारच्या पंजाबी बाया तिला विचारतात, तुझ्या माहेरी सगळे बहिरे आहेत का म्हणून. तेव्हा तिच्या कडेवर बेबी होती. गोरी, गुबगुबीत, आणि ठोके सुरू झाले की मान हलवून ताल धरणारी. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तिला मांडीवर घेऊन मुद्दाम हळू हळू ठोकायचे.

क्वेट्टा म्हणजे काय, कुठं, हे आईला कधी नीट कळलं नाही. तिच्या लेखी देवळालीच्या कॅम्पसारखी एक मोठी छावणी होती आणि तिच्या पलीकडे बर्फ. आक्का सांगायची ते असंच असायचं. एका अंगाला फौजेच्या बराकी, रांगेत लावल्यासारख्या. दुसऱ्या अंगाला जुनं शहर, मातीच्या भिंतींचं, एकात एक घुसलेलं. दाजींचं बिऱ्हाड शहरात होतं. बराकी पक्क्या होत्या, शहर कच्चं होतं. हा फरक पुढं किती महत्त्वाचा ठरणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

ती बातमी आली तेव्हा उन्हाळा संपत आला होता. गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि मी काठी घेऊन कावळे हाकत होते. खाली एकाएकी ठोके थांबले. आधी एका पडवीतले, मग शेजारच्या, मग समोरच्या. सगळी आळी गप्प झाली तशी मला भीती वाटली आणि मी काठी टाकून खाली धावले. कोपऱ्यावरचे मास्तर वर्तमानपत्र घेऊन आमच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, की क्वेट्टा शहर भूकंपानं जमीनदोस्त झालं, माणसं झोपेतच गाडली गेली, फौजेनं शहराचा ताबा घेतला आहे. आप्पांनी ऐकून घेतलं. मग ते परत बसले आणि समोरचं घंगाळ ठोकायला लागले. त्या घंगाळाला आता ठोक्याची गरज नव्हती. तरी ते ठोकत राहिले, पत्रा पातळ होईपर्यंत, आणि शेवटी आईनं जाऊन त्यांच्या हातातला हातोडा काढून घेतला.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. घरात कुणी बसत नव्हतं एवढं आठवतं. आई चुलीपाशी जायची, उठायची, दारात यायची, परत जायची, भात करपायचा. आप्पांनी तारा केल्या, उत्तर नाही. तारेच्या कचेरीत सांगितलं, की तिकडचे मार्ग फौजेच्या हातात आहेत, खाजगी निरोप जात नाहीत. मग आप्पा रोज टांग्यानं नाशिकरोडला जायला लागले, उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या बघायला. एक दिवस मलाही घेऊन गेले. फलाटावर ते प्रत्येक डब्यापाशी जाऊन आत डोकावायचे आणि मी मागं मागं. लोक त्यांना हमाल समजून सामान पुढं करत होते. तिथून आम्ही देवळालीला कॅम्पात गेलो. ‘फौजेचं शहर आहे, फौजेलाच माहीत असणार,’ असं त्यांचं म्हणणं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आम्हाला आत सोडलं नाही, पण एक म्हातारा हवालदार बाहेर आला आणि आप्पांशी नीट बोलला. म्हणाला, “शहर बंद केलंय. जिवंत आहेत त्यांना बाहेर काढून गाड्यांनी पंजाबात पाठवतायत. बाहेरच्या कुणालाही आत घेत नाहीत. तुम्ही गेलात तरी वाटेत उतरवतील. घरी थांबा.”

घरी थांबा, हे सांगणं सोपं आहे. आज नातवाला यायला अर्धा तास उशीर झाला तरी मी गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये या खिडकीतून त्या खिडकीत फिरते, सून हसते. तिला कसं सांगणार, की हे फिरणं मी तेव्हा शिकले.

लाहोरहून तार आली. कुसुम जिवंत, मेलनं निघाली, एवढंच. आईनं ती मास्तरांकडून तीनदा वाचून घेतली. मग म्हणाली, “एकटीचंच नाव का घातलंय?” 

आक्का गाडीतून उतरली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. अंगावर कुणा पंजाबी बाईचे ढगळ कपडे, डाव्या हाताला पट्टी, केस कापलेले. कडेवर कुणी नव्हतं आणि हातात सामानही नव्हतं. आप्पांनी पुढं होऊन तिला धरलं. ती रडली नाही. टांग्यात बसल्यावर म्हणाली, “आप्पा, मला परत जायचंय. बेबी तिथंच आहे.”

जे घडलं ते तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं, कधी भाजी निवडताना, कधी आंघोळीचं पाणी घेताना. पहाटे तिला तहान लागली म्हणून ती अंगणातल्या रांजणापाशी आली होती. जमीन आधी गुरगुरली, मग कुणी सतरंजी झटकावी तशी हलली, आणि भिंत तिच्या अंगावर आली. ती कमरेपर्यंत गाडली गेली. दाजी आणि बेबी आत झोपलेले. उजाडलं तेव्हा चारी बाजूंनी आरडाओरडा चालला होता आणि मग त्यात बुटांचे आवाज आले. फौजेचे लोक आले होते, त्यात गोरे होते, गुरखे होते. फावडी पुरत नव्हती म्हणून हातांनी उकरत होते. एका गुरख्यानं तिला मोकळं केलं, आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडाला लावलं आणि तिला पाठीवर घेऊन मैदानात नेलं. तिथं तंबू पडत होते, डॉक्टर हात-पाय बांधत होते, मोठमोठ्या डेगींत चहा उकळत होता. दाजी दुसऱ्या दिवशी दाराशीच सापडले, त्यांचं सगळं फौजेनंच केलं. बेबी सापडली नाही. दोन-तीन दिवसांत शहराभोवती तारेचं कुंपण पडलं आणि पहारे बसले. आक्का रोज त्या तारेपाशी जायची. रोज तिला परत पाठवत. शेवटी एका सकाळी सगळ्या बायकांना मोटारीत बसवून स्टेशनावर नेलं, गाडीत चढवलं, आणि गाडी सुटली.

“ती हाक मारत असली तर?” आक्का विचारायची. “त्यांनी खणणं थांबवलं तेव्हा ती जिवंत असली तर?”

हा एक प्रश्न घेऊन ती आमच्या घरात फिरत होती. छपराखाली तिला बसवत नसे. जेवण उभ्यानं, दाराच्या चौकटीत. आईनं मऊ भात कालवून दिला तर दोन घास घेऊन अंगणात जायची. सगळ्यात वाईट म्हणजे ठोके. ऐरणीवर हातोडा पडला की जमिनीतून जो हादरा येतो तो आम्हाला जाणवतही नसे, पण आक्का भिंतीपासून दूर पळायची. आप्पांनी आपलं काम बंद केलं, घरोघर फिरून शेजाऱ्यांना विनवलं. पण अख्खी आळी किती दिवस हात बांधून बसणार? मग आप्पांनी परसात चार खांबांवर पत्रा टाकून तिची खाट तिथं मांडली. पावसाळा सुरू झाला तरी ती तिथंच निजायची, चारी बाजूंनी ओली होत, आणि मी तिच्या सोबतीला. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते. मला खोटं वाटेल इतकं स्पष्ट आठवतं, की पहाटे डोळा उघडला की ती बसलेली असायची आणि तळहात जमिनीला टेकवलेला असायचा.

याच सुमारास एक वकील आमच्याकडे येऊ लागले. शहरातल्या सभा-मिरवणुकांत ते पुढं असत, दोनदा तुरुंगात जाऊन आले होते, माणूस सरळ होता. आप्पा त्यांना मानायचे. त्यांचं म्हणणं असं, की सरकारनं आपल्या स्वयंसेवकांना क्वेट्ट्यात पाऊल टाकू दिलं नाही. गावोगावची माणसं मदतीला जायला तयार असताना फौजेनं दारं लावून घेतली आणि ढिगाऱ्याखालची माणसं मरू दिली. “कुसुमताईंनी सभेत हे सांगावं,” ते म्हणाले. “आम्ही शंभर भाषणं केली तरी लोक ऐकून घरी जातात. तुमचं दोन वाक्यांत काम होईल.”

आई म्हणाली, “तिला चारचौघांत उभं करू नका हो.”

आक्का म्हणाली, “मरू दिली, हे मला माहीत नाही. माहीत असतं तर बोलले असते.” आणि उठून परसात गेली. वकीलसाहेब आपल्या टोपीकडे बघत बसले.

माहीत कोणाला असेल, हे मग आप्पांच्या डोक्यानं घेतलं. सायखेड्याचं एक गिऱ्हाईक हंडे घ्यायला आलं होतं, त्याच्या बोलण्यात आलं की त्याचा भाचा फौजेत खेचरांच्या पलटणीत आहे, क्वेट्ट्यालाच होता, आता रजेवर आलाय. आप्पा त्याच बैलगाडीत बसून सायखेड्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेऊन आले. दगडू त्याचं नाव. पंचविशीचा, काळा, रुंद खांद्यांचा, पायात फौजेचे बूट. ओट्यावर बसायला तयार होईना, उभाच राहिला. आईनं चहा दिला तो त्यानं हातात धरून ठेवला.

आक्कानं नमस्कार-चमत्कार केला नाही. तिनं एकदम विचारलं, “तुम्ही खणायला होतात?”

“व्हतो ताई. पयल्या दिवसापास्नं.”

“आणि कुंपणावर?”

दगडूनं आप्पांकडे पाहिलं. मग म्हणाला, “तिथं बी व्हतो.”

“मला सगळं सांगा. काही गाळू नका.”

तो सांगू लागला. आधी अडखळत, मग सरळ. पहिल्या दिवशी खेचरं जुंपायलाही कुणाला वेळ नव्हता, हातांनीच दगड-माती उपसली. “मंग आमच्या सायबानं एक रीत लावली. गल्लीत शिरलं का शिट्टी मारायची. शिट्टी झाली का समद्यांनी हात थांबवायचं. श्वास बी धरायचा. आन् ऐकायचं. आवाज आला का तिथं उकरायचं.”

“आवाज यायचा?”

“पयल्या दिवशी लय. दुसऱ्या दिवशी कमी. मंग...” तो आईकडे बघून थांबला.

“बोला,” आक्का म्हणाली.

“मंग नुसत्या माश्या. वास असा, का आमी तोंडाला फडकी बांधून बी वकायचो. डाक्टर म्हनले, आता ह्यात रोग उठंल आन् वाचलेले बी जातील. म्हनून तारंचं कुंपन घातलं. भिंती बी रोज पडत व्हत्या. लुटारू शिरत व्हते. ह्ये समदं खरं हाय, ताई.”

“आमच्या गल्लीत शिट्टी मारली होती का?” आक्कानं गल्लीचं नाव सांगितलं, मशीद कुठल्या हाताला, हलवायाचं दुकान कुठं, तेही सांगितलं.

दगडूनं हातातल्या कपाकडे पाहिलं. आप्पा त्याच्याकडे असे बघत होते, की मला त्यांच्या मनातलं कळत होतं. हो म्हण, एवढंच त्यांना हवं होतं.

“गल्ली गल्लीसारखी ऱ्हायलीच नव्हती,” तो म्हणाला. “कुठली कोनची, ह्ये मला वळखता यायचं नाय. मारली म्हनलो तर तुमाला बरं वाटंल. पर मी पाह्यलं नाय, तर कसं म्हनू?”

आईनं पदर तोंडाला लावला. आक्का मात्र गाडीतून उतरल्यापासून पहिल्यांदा स्वस्थ उभी होती.

“कुंपणावर कुणी यायचं?” तिनं विचारलं.

“रोज. एक म्हातारा पठाण यायचा. काय बोलायचा ते समजायचं नाय. मला बोटानं दाखवायचा, त्याचं घर तिथून दिसत व्हतं. मी त्याला सोडला नाय. हुकूम व्हता. सोडला आस्ता तर माझं कोर्टमार्शल झालं आस्तं.” त्यानं चहाचा कप न पिता ओट्यावर ठेवला. “पर त्याच्यासंगं चार शिपाई देऊन धाडलं आस्तं, तर काय बिघडलं आस्तं, ह्ये मला आजून बी समजत नाय.”

तो गेल्यावर आप्पा चिडले. “एक शब्द बोलला असता तर त्याचं काय जात होतं?” आक्का म्हणाली, “नाही आप्पा. तो खोटं बोलला असता तर मला लगेच कळलं असतं. मग मी कुणाचंच ऐकलं नसतं.” आणि मग म्हणाली, “वकीलसाहेबांना सांगा, मी सभेत बोलते.”

सभा गोदेच्या काठी होती, ऊन उतरल्यावर. गर्दी बरीच होती, कारण वकीलसाहेबांनी गावभर सांगितलं होतं की क्वेट्ट्याहून वाचून आलेली बाई बोलणार. मी आणि आई बायकांच्यात बसलो. गर्दीच्या कडेला काठ्या घेऊन पोलीसही उभे होते. आधी दोन भाषणं झाली, सरकारला खूप बोल लावले गेले, टाळ्या झाल्या. मग आक्का उभी राहिली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. आळीतल्या मुलींसारखी ती मोठ्या आवाजातच बोलली, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असेल.

“मला जमिनीतून काढलं ते फौजेच्या माणसांनी,” ती म्हणाली. “त्यांचे हात रक्तानं भरले होते, ते मी पाहिलेत. माझ्या मुलीपाशी मला जाऊ दिलं नाही तेही फौजेच्याच माणसांनी. दोन्ही खरं आहे. एक सांगायचं आणि एक गाळायचं हे माझ्याच्यानं होणार नाही. माझं मागणं एवढंच आहे. मला आत जाऊ द्या. बंदूकवाले शिपाई बरोबर द्या, मी त्यांच्या हुकमात राहीन. पण माझं घर मला उकरू द्या.”

ती खाली बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. मागून कुणीतरी घोषणा द्यायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, ती नुसती मान हलवत राहिली. घरी परतताना वकीलसाहेब आमच्याबरोबर चालत होते.  मग म्हणाले, “तुम्ही आमची पंचाईत केलीत, ताई.” आक्का म्हणाली, “माझीही झाली होती.” दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गृहस्थ टाइप केलेला अर्ज घेऊन दारात उभे होते. तो मंजूर होईपर्यंत त्यांनी किती दारं झिजवली हे आप्पांनाही नीट कळलं नाही. त्यांचं राजकारण माझ्या लक्षात राहिलं नाही, ही सकाळ राहिली.

परवानगी आली ती थंडीत. तोवर सरकारनंच ठरवलं होतं, की ज्यांची घरं होती त्यांना टोळ्याटोळ्यांनी, फौजेच्या देखरेखीखाली आत घ्यायचं. आप्पा आणि आक्का गेले. आईनं बाजरीच्या भाकरी, तिळाची चटणी आणि भरपूर लसूण घातलेलं पिठलं कोरडं करून बांधून दिलं. तिला वाटलं तिकडं काही मिळत नसेल. ते गेले त्या दिवसांत मी आणि आई एका खाटेवर निजायचो आणि दोघीही जाग्या आहोत हे एकमेकींना कळू द्यायचो नाही.

परत आले तेव्हा आप्पांनी एवढंच सांगितलं, की काम झालं. आक्का घरात आली, चुलीपाशी बसली, आणि आईनं वाढलेलं जेवली. त्यानंतर पुढल्याच वर्षी ती पुण्याला दाईचं शिकायला गेली आणि पुढं जन्मभर ती खेडोपाडी, इगतपुरीच्या डोंगरातल्या पाड्यांवरसुद्धा, बाळंतपणं करत हिंडली. पण ती हकिगत वेगळी. क्वेट्ट्यात काय झालं हे तिनं मला एकदाच सांगितलं, कितीतरी वर्षांनी. दुपारची वेळ होती, आम्ही दोघी मेथी निवडत होतो आणि माझं धाकटं शेजारी झोपलं होतं.

त्यांच्याबरोबर एक गोरा सार्जंट आणि सहा-सात शिपाई दिले होते. आधी शिपाई खणत होते आणि ती व आप्पा बाजूला उभे होते, तसाच नियम होता. मग तिनं न विचारता एक फावडं उचललं. सार्जंटनं पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. दुपारपर्यंत ते सगळे मिळून खणत होते, आप्पाही. छताची मोठी तुळई लागली, ती चौघांनी उचलली, आणि तिच्याखाली बेबी होती.

“झोपली होती तशीच होती गं,” आक्का म्हणाली. “कुशीवर. हात गालाखाली. हललीसुद्धा नव्हती.”

मी मेथी तशीच हातात धरून बसले.

“मी तिला उचलणार तर गुंडाळायला माझ्याकडे काही नव्हतं. एवढं सगळं घेऊन गेले आणि तेवढंच न्यायचं राहिलं. थंडी अशी, की बोटं वाकत नव्हती. त्या सार्जंटनं अंगातला कोट काढला आणि जमिनीवर पसरला. मग त्यानं शिपायांना हुकूम दिला आणि ते सगळे पाठ करून उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून, मी तिला उचलून घेईपर्यंत.”

“आणि मग?”

“मग काय, कोटासकट नेलं तिला. डोंगराच्या पायथ्याशी आप्पांनी खड्डा केला. कोट परत द्यायला गेले तर घेईना. मग तो तिच्याबरोबरच ठेवला.” तिनं काड्या गोळा करून बाजूला सारल्या. “फार मोठा होता तो तिला. दोनदा गुंडाळावा लागला.”